आधी चिंधी, मग हळद-कुंकू

आश्विन लागला की कोल्हापुरात पाऊस माघार घेतो आणि कपाटं उघडतात. खंडेनवमीला उद्यमनगर या कारखान्यांच्या भागातल्या लेथला झेंडूचा हार पडतो, ट्रॅक्टरच्या बॉनेटवर कुंकवाची बोटं उठतात, मर्दानी खेळाच्या आखाड्यांत पट्टे आणि तलवारी पाटावर मांडल्या जातात. ज्या घरात परवान्याची जुनी रायफल आहे, त्या घरात तीही त्या दिवशी खोळीतून बाहेर येते. मृगापासून चार महिने ती त्या खोळीत असते. कापड दमट, आतलं लाकूड फुगलेलं, आणि तशाच अंगावर ओली हळद, ओलं कुंकू, झेंडूची फुलं आणि वरून नारळाच्या पाण्याचे शिंतोडे.

नारळाच्या पाण्यात पोटॅशियम आणि क्लोराइड दोन्ही असतात. जुन्या लष्करी काडतुसाची टोपी, म्हणजे बुडाशी ठिणगी देणारी छोटी वाटी, फुटली की नळीत जो क्षार मागे राहतो, तोही पोटॅशियम क्लोराइडच. हा क्षार हवेतलं पाणी ओढून घेतो आणि पोलादावर धरून ठेवतो. म्हणजे शंभर वर्षांपूर्वी शिपायाला जी गोष्ट नळीतून काढून टाकायला कसोशीनं शिकवली जायची, ती आपण पूजेच्या निमित्तानं बाहेरून शिंपडतो. ओल्या हळदीचा लेप तर ओलावा दाबूनच धरतो. पंधरा दिवसांनी पुसायला घेतलं की बोटाच्या आकाराचा गंज त्या जागी बसलेला दिसतो.

पूजा करू नये असं मी अजिबात म्हणत नाही. पण शस्त्रपूजेचा मूळ भाग म्हणजे शस्त्र उघडणं, पुसणं, तपासणं आणि तेल देणं, असं मला मनापासून वाटतं. हळद-कुंकू त्यानंतरचं. आणि उघडावं किती, पुसावं किती, कुठं थांबावं, हे कळणं त्यात सगळ्यांत अवघड आहे. जुन्या रायफली जितक्या दुर्लक्षानं खराब होतात, तितक्याच उत्साहानंही होतात.

इथं जी रायफल डोळ्यांसमोर आहे ती आपली थ्री-नॉट-थ्री, म्हणजे शॉर्ट मॅगझीन ली-एनफिल्ड. मार्क तीन हा नमुना १९०७ सालचा. कोलकात्याजवळच्या ईशापूर कारखान्यात ती दशकानुदशकं बनली. कोल्हापूर संस्थानची राजाराम रायफल्स ही पलटण पुढे मराठा लाइट इन्फंट्रीत सामील झाली. शिरोळ तालुक्यातल्या सैनिक टाकळीसारख्या गावातल्या जुन्या पिढीच्या खांद्यावरही हीच रायफल होती. पोलीस, होमगार्ड आणि एनसीसीच्या शस्त्रागारांत ती त्यानंतरही कितीतरी वर्षं राहिली. सर्वसाधारण परवान्यावर घरात असते ती बहुधा .३१५ बोअरची स्पोर्टिंग रायफल. लष्करी काडतूस नागरी हातात जाऊ नये म्हणून तिची गोळी वेगळी ठेवली, पण बोल्ट (नळीचं मागचं तोंड बंद करणारा सरकता दांडा) आणि बॉडी (तो ज्यात सरकतो ते पोलादी घर) ली-एनफिल्डच्याच घडणीची. त्यामुळे बोल्ट आणि नळीबद्दल पुढे जे आहे ते दोघींना लागू पडतं. लाकडाचं मात्र मुख्यतः लष्करी रायफलीचं, कारण तिचं लाकूड पार नळीच्या तोंडापर्यंत जातं.

हात लावण्याआधी काडतुसं दुसऱ्या खोलीत कुलपात. मग मॅगझीन काढायचं. ट्रिगर गार्डच्या आतल्या बाजूला पुढे छोटी कळ असते, ती वर दाबली की मॅगझीन खाली सुटतं. बोल्ट मागे ओढून चेंबरमध्ये, म्हणजे नळीत काडतूस बसतं त्या जागेत, डोळ्यानं बघायचं आणि करंगळी घालूनही बघायचं. डोळा फसतो, विशेषतः संध्याकाळच्या उजेडात. हे रायफल हातात घेताना दर वेळी, दुसऱ्याच्या हातातून घेतली तर पुन्हा.

बोल्ट काढायला सेफ्टी कॅच पुढे हवा. हँडल वर उचलून बोल्ट शेवटपर्यंत मागे न्यायचा. आता बोल्ट हेड, म्हणजे बोल्टचं पुढचं तोंड, उजवीकडच्या कडेवर एका स्प्रिंगनं अडकलेलं असतं. तर्जनीनं ते वर उचललं की कट्ट आवाज होऊन सुटतं आणि अख्खा बोल्ट हातात येतो. आवाज न होता आपोआप सुटत असेल तर ती स्प्रिंग थकलेली आहे, हे तिथंच लिहून ठेवावं.

बोल्ट हातात आला की पहिलं काम पुसणं नाही, नंबर वाचणं आहे. बोल्टच्या हँडलच्या मागच्या सपाट भागावर नंबर असतो आणि बॉडीच्या उजव्या बाजूला नंबर असतो. दोन्ही एकच हवेत. बोल्ट त्या बॉडीला हातानं जुळवून बसवलेला असतो. दोन्ही बाजूंचा टेकू सारखा लागतो की नाही, हे कारागिरानं रंग लावून पाहिलेलं असतं. एकाच शस्त्रागारात चार रायफली एका वेळी खोलून साफ केल्या आणि बोल्ट अदलाबदल झाले, तर चारही बोल्ट आरामात बसतील, हालतील, काहीच बिघडल्यासारखं वाटणार नाही. बिघाड कळतो तो गोळी झाडल्यावर. म्हणून एका वेळी एकच रायफल. टेबलावर दुसऱ्या रायफलीचा एक स्क्रूसुद्धा असता कामा नये.

बोल्ट हेड आट्यांवर फिरवून सुटतं. त्याच्यावरच एक्स्ट्रॅक्टर, म्हणजे काडतुसाची कड धरून ओढणारा आकडा असतो. त्याच्या खोबणीत पितळेचा भुगा, जुनं तेल आणि धूळ यांचं काळं लोणचं साचतं. दात घासायचा जुना ब्रश आणि दोन थेंब तेल एवढ्यानं ते निघतं. एक्स्ट्रॅक्टरची स्प्रिंग उगाच काढू नये, वाकली तर तशी मिळणं मुश्कील.

स्ट्रायकर (टोपीवर ठोका मारणारी सुई) आणि मेनस्प्रिंग (तिला पुढे ढकलणारी स्प्रिंग) काढायला खास हत्यार लागतं. ती पुढच्या तोंडाला दोन दात असलेली एक पोकळ नळी असते. बोल्टच्या मागच्या कॉकिंग पीसवरचा (स्ट्रायकरला जोडलेल्या मागच्या तुकड्यावरचा) छोटा स्क्रू आधी काढायचा, मग ही नळी पुढून आत घालून स्ट्रायकरच्या खाचेत दात बसवायचे आणि डावीकडे फिरवायचं. स्ट्रायकर मागच्या आट्यांतून सुटतो आणि स्प्रिंगसकट पुढून बाहेर येतो. लोक हे पक्कड लावून करायला जातात. त्यात कॉकिंग पीसच्या कडा चेपतात आणि स्ट्रायकर वाकतो. हत्यार नसेल तर स्ट्रायकर काढूच नये. बोल्टच्या आत पातळ तेलाचे थेंब सोडून, उभा धरून निथळू द्यावं, इतकं घरगुती वापराला पुरतं. जोडताना स्ट्रायकरचं मागचं टोक कॉकिंग पीसच्या पाठीशी सपाट यायला हवं आणि खाच स्क्रूच्या रेषेत. ते एक फेरा कमी-जास्त राहिलं तर टोपीवर ठोका हलका बसतो किंवा गरजेपेक्षा खोल जातो.

बोल्ट परत घालताना बहुतेक जण एकाच जागी अडतात. हेड पूर्ण आत फिरवून त्याचा आकडा बोल्टच्या उजव्या कण्याच्या रेषेत आणायचा. कॉकिंग पीसही तशीच रेषेत हवी. ती पुसता पुसता घसरून पुढे गेलेली असते, मग बोल्ट आत जात नाही आणि माणूस तळहातानं ठोकायला लागतो. ठोकायचं नाही. कॉकिंग पीस चिंधीत धरून मागे ओढून वळवली की ती आपल्या पायरीवर बसते. हेड आत फिरवताना रेषेच्या फारच पुढे जायला लागलं तर आटे झिजलेत, आणि मग काडतुसाच्या मागची मोकळी जागा, म्हणजे हेडस्पेस, गेजनं तपासायला हवी. .३०३ साठी .०६४ इंचाच्या गेजवर बोल्ट बंद व्हायला हवा आणि .०७४ च्या गेजवर होता कामा नये. हे काम परवानाधारक बंदूक दुरुस्तीवाल्याचं. शस्त्र कायदा १९५९ नुसार शस्त्राची दुरुस्ती हा परवान्याचा व्यवसाय आहे, त्यामुळे उद्यमनगरातला कारागीर कितीही हुशार असला तरी रायफलीचा भाग त्याच्या लेथवर जाऊ नये. त्याच्याकडून एक गोष्ट जरूर करून घ्यावी, ती पुढे सांगतो.

सेफ्टी कॅचला हात न लावणं उत्तम. त्याच्या आतल्या छोट्या बोल्टला एकाहून जास्त सुरुवातींचे आटे असतात. चुकीच्या सुरुवातीवर बसलं की सेफ्टी लागल्यासारखी दिसते, पण कॉकिंग पीस नीट अडवत नाही.

आता नळी. नळी २५.२ इंच लांब, आत पाच खाचा, डावीकडे वळत जाणाऱ्या, दर दहा इंचांना एक वळसा. म्हणजे गोळी तोंडाशी येईपर्यंत जवळपास अडीच वळसे घेते. ज्यानं कधी आत पाहिलं नसेल त्यानं बोल्ट काढून चेंबरशी पांढरा कागद धरावा आणि तोंडाकडून बघावं. स्वच्छ नळीत प्रकाशाचं भिंगोरं फिरल्यासारखं दिसतं. गंजलेल्या नळीत खाचांच्या कोपऱ्यात काळे ठिपके असतात, पुसून न जाणारे. ते मळ नव्हेत, पोलाद खाल्लं गेल्याचे खड्डे आहेत. ते कशानंही भरून येत नाहीत. ते काढायला म्हणून काही जण वाळूचा कागद गजाला गुंडाळून घालतात आणि उरलेल्या खाचाही घालवतात. खड्डे पडलेली नळी तशीच स्वच्छ, तेलात ठेवावी. शंभर वर्षांत पडलेले खड्डे तिथंच थांबवले की काम झालं.

नळी साफ करायचं लष्करी साधन म्हणजे पुल-थ्रू. शिपायांच्या तोंडी फुलथ्रू. दोरी, एका टोकाला पितळी वजन, दुसऱ्या टोकाला तीन फासे. वजनाकडच्या पहिल्या फाशात तारेची जाळी, मधल्यात फलालीनची चिंधी, आणि शेवटचा फासा अडकलेली दोरी उलटी ओढायला. चिंधी चार इंच बाय दोन इंच. तेल लावायची चिंधी जरा अरुंद, चार बाय दीड. एवढंच माप का, तर याहून मोठी चिंधी मध्येच अडकते, दोरी तुटते, आणि मग लोक वरून सळई ठोकतात. नव्या फलालीनची खळ आधी धुऊन काढावी. घरातलं जुनं, मऊ झालेलं सुती धोतर फाडून घेतलं तरी चालतं. टेरिकॉट नको, ते तेल पीत नाही.

वजन चेंबरकडून सोडायचं आणि तोंडाकडून ओढायचं, नेहमी एकाच दिशेनं. एकानं रायफल धरावी, दुसऱ्यानं दोरी सरळ रेषेत ओढावी. हे दोन माणसांचं काम आहे आणि एकट्यानं केलं की नेमकं एकच नुकसान होतं: दोरी तोंडाच्या कडेवर घासते. दोरीला धूळ चिकटलेली असतेच. रोज, वर्षानुवर्षं एकाच बाजूला घासलेल्या दोरीनं पोलादाचं तोंड अंडाकार झालेल्या रायफली असतात. नळी आतून आरशासारखी आणि नेम मात्र लागत नाही, असं असेल तर आधी तोंड बघावं. पितळी किंवा प्लास्टिक चढवलेला गज मिळत असेल तर बोल्ट काढून चेंबरकडूनच घालावा, मूठ मोकळी फिरणारी असावी म्हणजे चिंधी खाचांबरोबर वळते.

जुनी लष्करी काडतुसं झाडली असतील तर तेलानं काम भागत नाही. क्षार तेलात विरघळत नाही, पाण्यातच विरघळतो. तेल लावलं की क्षारावर तेलाचा थर बसतो आणि खाली गंज चालू राहतो. म्हणून उकळतं पाणी. लष्करात त्यासाठी वाकड्या नळीचं खास नरसाळं असायचं. अडीच ते तीन लिटर खळखळ उकळतं पाणी चेंबरकडून हळूहळू सोडायचं, तोंड खाली बादलीत. पाणी कोमट असेल तर उलट नुकसान. उकळत्या पाण्यानं नळी इतकी तापते की उरलेला ओलावा स्वतःच उडून जातो. मग दोन-तीन कोरड्या चिंध्या, चेंबर वेगळा पुसायचा, आणि शेवटी तेलाची एक. पाणी लाकडात झिरपू देऊ नये, म्हणून चेंबरभोवती कोरडं कापड गुंडाळावं. हे त्याच दिवशी. नंतर सलग तीन दिवस एकेक चिंधी घालून बघावी. तिसऱ्या दिवशी तांबूस निघाली तर पुन्हा पहिल्यापासून.

हे सगळं थ्री-नॉट-थ्रीच्या जुन्या टोपीचं शास्त्र आहे. नेमबाजीच्या .२२ रायफलीला ते लावू नये. कोल्हापूर हा नेमबाजांचा जिल्हा. तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोन (पोटावर पडून नेम धरायच्या) प्रकारात विश्वविजेती झाली आणि राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेनं २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनचं कांस्यपदक आणलं. त्यामुळे इथं घरोघरी .२२ ची माहिती असलेली मुलं आहेत. पण तिथली टोपी क्षार सोडत नाही, तिथं प्रश्न मेणाचा आणि शिशाचा आहे.

तेल किती, याचं उत्तर एका वाक्यात: चिंधीवर दोन-तीन थेंब, नळीत ओतायचं नाही. आणि झाडण्याआधी चेंबर आणि नळी कोरडी पुसायची. तेलकट चेंबरमध्ये काडतुसाचं पितळ भिंतीला धरत नाही, त्याचा सगळा रेटा मागे बोल्टवर येतो. कोणतं तेल, यावर मात्र आपल्याकडे फार चुका होतात. खोबरेल लावतात. खोबरेल साधारण २४ अंशांखाली गोठतं. कोल्हापुरातल्या पौषातल्या पहाटे बोल्टमध्ये त्याचा थर होतो, पुढे ते खवटतं आणि त्यातली आम्लं पोलादाला लागतात. शेंगतेल सुकून वार्निशासारखं चिकटतं. शिलाई यंत्राचं पातळ खनिज तेल या दोन्हींपेक्षा कितीतरी चांगलं. हलत्या भागांना ते, आणि पावसाळ्यात नुसतं ठेवायचं असेल तर जाडसर गंजरोधक तेल किंवा ग्रीस. पाणी उडवायचे स्प्रे पाणी उडवायलाच चांगले, त्यांचा थर फार पातळ राहतो, त्याच्या भरवशावर चार महिने काढू नयेत.

लाकडाबद्दल मी थोडं सविस्तर लिहिणार आहे, कारण सगळ्यांत जास्त नुकसान इथंच होतं.

फौजेत शिपायाला लाकूड काढायची परवानगी नव्हती. ते शस्त्रागारातल्या आर्मररचं काम. कारण पुढचं लाकूड नुसतं धरायला नसतं. नळी तोंडाशी कशी टेकते, धक्का कुठं झेलला जातो, इतकंच काय, ट्रिगर किती दाबाला सुटतो, हे सगळं लाकडाच्या बसणीवर ठरतं. या नमुन्यात ट्रिगर बसतो ट्रिगर गार्डवर आणि ज्याला तो ओढतो तो सीअर, म्हणजे कॉकिंग पीस अडवून धरणारा खटका, बॉडीवर. दोघांमधलं अंतर मधल्या लाकडावर आणि पुढच्या स्क्रूभोवतीच्या एका छोट्या पोलादी बुशवर अवलंबून. ट्रिगरचा पहिला ओढा तीन ते चार पौंड, दुसरा पाच ते सहा. लाकूड सुकून आकसलं किंवा तो बुश हरवला की स्क्रू आवळताना गार्ड वर चढतो आणि ओढा बदलतो. ट्रिगर हलका लागतोय म्हणून कानस घेऊन बसायच्या आधी बुश जागेवर आहे का ते बघावं.

आणि हा इशारा सगळ्यांत महत्त्वाचा. मागचा बट, म्हणजे खांद्याला टेकणारं लाकूड, ढिला झाला म्हणून त्याच्या टोकावरच्या बट प्लेटच्या दारातून लांब स्क्रूड्रायव्हर घालून आतला मोठा बोल्ट (बट बॉडीला आवळणारा, नळीमागचा नव्हे) फिरवायचा मोह होतो. पुढचं लाकूड जागेवर असताना तो बोल्ट कधीही फिरवू नये. त्याचं पुढचं टोक चौकोनी असतं आणि पुढच्या लाकडाच्या मागच्या टोकातल्या चौकोनी खाचेच्या पट्टीत अडकलेलं असतं, म्हणजे तो आपोआप सैल होऊ नये म्हणून. फिरवला की तो चौकोन आतून लाकूड फाडतो. बाहेरून टक्क आवाज येतो, आणि बॉडीच्या मागे तडा. असे तडे गेलेल्या रायफली भारतभर आहेत आणि बहुतेकांचं कारण हे एकच.

क्रम असा. आधी मागचा वरचा हँडगार्ड, तो नळीवर चिमट्यानं बसलेला असतो, दोन्ही बाजू सारख्या उचलत काढायचा, एका बाजूनं उचकटला की लांबीत फुटतो. मग नळीच्या तोंडावरच्या नोजकॅपचे दोन स्क्रू, पुढचा आणि मागचा आडवा. नोजकॅप पुढे सरकवताना त्याखाली लाकडातली छोटी स्प्रिंग आणि तिच्यावरची दांडी उडते. ती नळीला वर दाबून धरते. खाली पांढरा पंचा अंथरलेला असावा. मग मधला पट्टा, ज्याला स्लिंगची कडी असते, आणि पुढचा हँडगार्ड. त्याच्या आत नळीभोवती दुसरा पट्टा लपलेला असतो, त्याचा स्क्रू खालून येतो, त्याच्याखाली वॉशर आणि आणखी एक स्प्रिंग. हा स्क्रू विसरून लाकूड ओढणारे खूप. मग ट्रिगर गार्डचे पुढचा आणि मागचा स्क्रू, गार्ड खाली, बुश वेगळ्या वाटीत.

आता लाकूड सरळ खाली उतरवायचं, पुढचं टोक खाली दाबून नव्हे. मागे बॉडीला टेकून धक्का झेलणारे लाकडाचे दोन कोपरे असतात, पुढचं टोक दाबलं की तेच आधी ढलपे होऊन उडतात. रबरी हातोडीनं मॅगझीनच्या जागेजवळ दोन्हीकडे आलटून पालटून हलक्या टिचक्या. ईशापूरच्या रायफलींत या कोपऱ्यांवर बऱ्याचदा धातूच्या पट्ट्या बसवलेल्या आढळतात, आणि बॉडीच्या पुढच्या भागाखाली लाकडातून आरपार एक आडवा स्क्रू दिसतो. कुणीतरी नंतर मारलेला ओबडधोबड स्क्रू म्हणून तो काढू नये. लाकूड फाटू नये म्हणून कारखान्यानंच तो घातलाय.

स्क्रू म्हटले की उद्यमनगर. जुन्या स्क्रूंच्या खाचा अरुंद आणि सरळ भिंतींच्या असतात. बाजारातल्या स्क्रूड्रायव्हरचं पातं पाचरीसारखं निमुळतं, ते वरच्या कडांवरच धरतं आणि निसटून खाच खातं, वर बॉडीवर ओरखडा. एखाद्या टूलरूमवाल्याकडून तीन मापांची पाती समांतर घासून घ्यावीत, खाचेत तळापर्यंत आणि पूर्ण रुंदीत घट्ट बसतील अशी. हे कोल्हापुरात तासाभराचं काम आहे. स्क्रू मात्र नवे करायला देऊ नयेत. एनफिल्डच्या आट्यांचं माप स्वतःचंच होतं, जवळचा वाटणारा स्क्रू दोन फेरे जातो आणि बॉडीतले आटे घेऊन बाहेर येतो. न सुटणाऱ्या स्क्रूवर झिरपणारं तेल टाकून रात्रभर थांबावं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेल, पुन्हा थांबावं.

लाकडाखाली काय सापडतं ते आपल्या हवेवर ठरतं. गगनबावडा, राधानगरीकडच्या घरांत नळीचा खालचा अर्धा भाग तपकिरी झालेला असतो, वरचा चकचकीत. लाकूड ओलावा धरतं आणि नळी त्याच्या कुशीत पडलेली असते. हलका गंज चार शून्याची स्टील वूल तेलात भिजवून निघतो. घासताना दर मिनिटाला थांबून पुसून बघायचं. तपकिरी गेला आणि काळसर राहिला की थांबायचं. तो काळसर थर स्थिर असतो, पोलादाला झाकतो. पॉलिश पेपर, बफिंग, पितळेची पावडर यातलं काहीही पोलादाला लावू नये. त्यानं राजमुकुटाखालचं जी.आर.आय. (ब्रिटिश राजाची आद्याक्षरं), ईशापूर, सन, आणि स्वातंत्र्यानंतरच्या रायफलींवरचे अशोकस्तंभाचे सिंह पुसट होतात. डी.पी. असा शिक्का असेल तर तो जास्तच जपावा. ती कवायतीसाठी बाद केलेली रायफल आहे आणि तिच्यातून कधीही झाडायचं नाही, हे सांगणारा तो एकमेव पुरावा असतो.

नळीच्या खालच्या भागाला ग्रीसचा पातळ थर देऊन लाकूड परत चढवलं की दोन-तीन वर्षं ते उघडू नये. दरवर्षी उघडणं चूक. प्रत्येक वेळी स्क्रूची भोकं आणि ते दोन कोपरे थोडे झिजतातच. दरवर्षी फक्त मॅगझीन, बोल्ट आणि नळी. मॅगझीन उघडायला आतला तवा, म्हणजे काडतुसं वर ढकलणारी पट्टी, मागच्या टोकाला खाली दाबायचा, म्हणजे पुढचं टोक ओठांतून बाहेर येतं. ओठ वाकवायचे नाहीत.

पितळी बट प्लेट चिंचेनं घासून चकाकवायची आपल्याकडे सवय. चिंच आणि मीठ लाकडाच्या सांध्यात राहतात आणि पितळ कळकतं. कोरड्या फलालीननं पुसावी, पिवळीधमक व्हायची गरज नाही. त्या प्लेटच्या दारामागे पितळी तेलाची बाटली आणि पुल-थ्रू ठेवायची जागा असते, तिथं वर्षानुवर्षांची ओली चिंधी कुजत पडलेली आढळते, ती काढावी. चामड्याचा स्लिंग रायफलीला लावून ठेवू नये. आपल्या चपलांसारखंच झाडाच्या सालीत कमावलेलं चामडं असेल तर त्यातलं टॅनिन आणि ओलावा मिळून कडीला आणि नळीला काळा डाग देतात.

ठेवायची कशी? खोळीत नाही, फोमच्या पेटीत नाही. कुलपाच्या लोखंडी कपाटात, भिंतीपासून सुटी, आणि तोंड खाली करून. तोंड वर ठेवली की तेल ओघळून मागे बॉडीच्या सांध्यात लाकडात मुरतं, लाकूड काळं आणि मऊ पडतं, आणि नेमका धक्का झेलणारा कोपराच कमजोर होतो. कपाटात सिलिका जेलची पुडी आणि एक साधा आर्द्रतामापक. ४५ ते ५५ टक्के चांगलं. त्याहून फार कोरडं केलं तर लाकूड तडकतं, म्हणून कपाटात बल्ब पेटवून ठेवायचा उपाय मला पसंत नाही. मृगाच्या आधी जाड तेल, श्रावणात एकदा नुसतं बघणं, आणि खंडेनवमीला पूर्ण साफसफाई, हे वेळापत्रक आपल्या हवेला बरोबर बसतं.

पूजेच्या दिवशी हे सगळं सकाळी उरकावं. मग रायफल रिकामी, बोल्ट काढून शेजारी, धुतलेल्या कोरड्या कापडावर. हळद-कुंकू पाटाला किंवा त्या कापडाला, झेंडू आणि आपट्याची पानं वीतभर लांब, नारळ अंगणात फोडावा. घरातल्या लहानथोरांनी हात लावून नमस्कार केला तर उत्तमच, पण घामाच्या बोटांतही मीठ असतं. तासाभरात तेलाच्या चिंधीनं सगळं धातूचं अंग पुसून घ्यावं, आणि त्यानंतर बोल्ट आणि नळी कापडात धरूनच उचलावी.

लाकडाला तेल त्या दिवशी देऊ नये. हवेत अजून ओलावा असतो, सुकत नाही. मार्गशीर्ष-पौषातली कोरडी हवा त्यासाठी. कच्चं जवसाचं तेल, पाच-सहा थेंब तळहातावर, हात गरम होईपर्यंत लाकडावर चोळायचं, रात्रभर ठेवून सकाळी कोरड्या फडक्यानं उरलेलं ओढून घ्यायचं. आठवड्यानं पुन्हा एकदा. जास्त लावलं की चिकट थर होतो, धूळ धरतो. धातूला ते लागू देऊ नये, डिंकासारखं सुकतं. आणि जवसाचं तेल लागलेली फडकी चुरगळून कोपऱ्यात किंवा डब्यात टाकू नयेत. सुकताना ते तेल तापतं आणि गोळा केलेलं फडकं आपोआप पेट घेतं. एकेक फडकं सुटं पसरून अंगणातल्या दोरीवर वाळत घालावं, कडक झालं की मग टाकून द्यावं.